टाकणखारातले लाल खडे

प्रिय आप्पा,

काल प्रबंधातलं आभाराचं पान लिहायला बसले. सरांची, कॉलेजची नावं झाली आणि सासऱ्यांबद्दल एका ओळीत काय लिहायचं ते सुचेना. म्हणून हे पत्र.

लग्नानंतर मी पीएचडी करणार म्हटल्यावर आटपाडीच्या घरात सगळ्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या. तुम्हीच विचारलंत, त्यात करायचं काय असतं? मी सांगितलं, टाकणखार वितळवायचा, त्यात खनिजांची पूड विरघळवायची आणि भट्टी अगदी सावकाश थंड करत खडे वाढवायचे. तुमचा चेहरा केवढा खुलला! तीस वर्षं मदुराईत सोनं गाळलेलं तुम्ही. टाकणखार आणि सोनं वितळवायची मूस ही तर तुमच्या रोजच्या हातातली. ही तर आपल्यातलीच निघाली, असं आत्याबाईंना म्हणालात. त्यानंतर मला कुणी अडवलं नाही.

चार वेळा मुशीतून नुसती लाल रेती निघाली. सर म्हणाले, विषय बदल. तेव्हा तुम्ही माझ्याबरोबर एसटीनं सांगलीला आलात, चपला दाराबाहेर काढून प्रयोगशाळेत शिरलात आणि भट्टीच्या कट्ट्यावर तळहात टेकून उभे राहिलात.

"ही थरथर कशाची गं? जरा निवांत बसू दे की रसाला, मग धरंल खडा."

शेजारच्या खोलीतल्या पंपाची होती ती. आमच्या कुणाच्या लक्षात कशी आली नाही? भट्टी दुसरीकडं हलवली.

पाचवी खेप तीन आठवड्यांची. लाइट गेली तर पंचाईत, म्हणून मी सांगलीतच मुक्कामाला होते. शेवटच्या आठवड्यात तुमच्या छातीत दुखायला लागलं. सचिन मला फोन लावायला लागला, तर तुम्ही लेकाचा हात धरलात.

"तिची भट्टी थंड व्हायला लागलीया. तिला बोलवू नगंस."

हे मला तुम्ही गेल्यावर कळलं. असं का केलंत, आप्पा? मी रागावले तुमच्यावर. अजूनही थोडा राग आहेच.

उरलेले दिवस प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीनं भट्टी सांभाळली. तेरावा उरकून परतले आणि मूस आम्लात ठेवली. टाकणखार विरघळत गेला तसे तळाशी खडे दिसायला लागले. तुरीच्या डाळीएवढे, लालभडक, धारदार कडांचे. सरांनी एकेक खडा उचलून भिंगाखाली पाहिला. तुम्ही कट्ट्यावर हात ठेवला नसता तर मी तो नाद कधीच सोडला असता.

हल्ली आत्याबाईही गुडघा दुखतो ते लपवतात. इतक्या वर्षांच्या संसारात तुमचंच बघून शिकल्या असणार! पण मी शब्द देते, या घरात माझ्या कामापायी कुणी आपलं दुखणं गिळणार नाही. भट्टी पुन्हा पेटवता येते, आप्पा.

तुमची सून,
मनीषा