निवडून आली तिनंच बसावं

१२ जून
माझ्या हातचं, आजवर: ग्रा.पं.चं फाटक (उघडताना आवाज नाही, कोणीही तपासावं). शाळेच्या खिडक्यांच्या जाळ्या. धान उफणायचे पंखे, सगळे चालू. पाण्याच्या टाकीचा जिना. वेल्डिंग कोणी शिकवलं नाही, रायपूर रोडच्या गॅरेजांत नुसतं पाहून उचललं. आणि आज नवीन, एक बाक. दीड इंची अँगल, साडेसात फूट, पाच माणसं आरामात. ग्रा.पं.च्या ओसरीत नेऊन ठेवला.

कारण असं. आमच्या सौ. सरपंच, गावानं थेट निवडलेल्या. सदस्य नऊ, त्यात पाच बाया. पण मीटिंगला पाचही जणींचे नवरे खुर्चीवर, आणि सहीला रजिस्टर बायांच्या घरी. सौ.नं परवा पाचही नवरे बाहेर काढले. "निवडून आली तिनंच बसावं. तुमाले बाहेर बाक येऊन रायला."

बिल लावलं नाही.

१९ जून
सदस्य फुलनबाई आज मीटिंगमध्ये पहिल्यांदा बोलली. हातपंपाचं. खिडकीतून ऐकू येत होतं, तिचा नवरा बाकावर मान वळवून बसलेला.
मला म्हणे, "काऊन गा मिस्त्री, तुमी नाई बसत आमच्यासंग?"
"मी कायले बसू? मले दुकान आहे."

२ जुलै
अविश्वास ठराव. उपसरपंच नंदूभाऊनं आणला, बाकावरच्यांना फूस देऊन. नऊपैकी सात सह्या. पाचही बायांच्या आहेत, फुलनबाईची धरून.
मी भडकलो. सौ. शांत. "सही तिची, हात नवऱ्याचा. मी तिच्यावर नाई रागावत."
नियम स्वतः दोनदा वाचला. थेट सरपंच असेल तर एवढ्यानं खुर्ची जात नाही, गावानं ग्रामसभेत गुप्त मतदान करून ठराव मान्य करावा लागतो. तिथे हरली तर मात्र संपलं. बाकही आत जाईल, नवरेही.

१४ जुलै
तहसीलची नोटीस. ग्रामसभा २२ला, दुपारी. नंदूभाऊ चहाच्या टपरीवर हसून राहिला. आता कळलं कायले. त्यानं आणि बाकावरच्यांनी आपापल्या धानाची रोवणी नेमकी २२ला लावली, गावातल्या बायांच्या सगळ्या टोळ्या धरून ठेवल्या.
टोळीची मुकादमीन सगुणाबाई घरी आली. "पैसे घेतले बाई. शब्द मोडता येत नाई."
सौ. म्हणाली, "नोको मोडू."
जेवण दोघांनाही गेलं नाही.

२२ जुलै
जिंकलो! जिंकली, असं पाहिजे. खोडत नाही, पुढे नीट लिहितो.
मंडपात नुसते पुरुष. अध्यासी अधिकारी सुरू करणार, तेवढ्यात बांधाकडून बाया. एक टोळी, तिच्यामागं दुसरी, तिसरी. लुगडी खोचलेली, गुडघ्यापर्यंत चिखल.
नंदूभाऊ ओरडला, "ए सगुणा, काम टाकून कायले आली?"
"टाकलं कुठं भाऊ? रोजी नाई, ठेका आहे. एकराचे पैसे ठरले. धानाची बांधी पुरी लावून भेटन तुमाले. कवा लावाची ते आमचं."
रोजीनं सांगितलं असतं तर दिवस मालकाचा झाला असता. पण ठेका स्वस्त पडतो म्हणून भाऊंनी दरवर्षीसारखा ठेकाच दिला. मला सुचायला हवं होतं. सुचलं नाही.
कोणीतरी, "पाय तं धुवा!"
सगुणाबाई, "मत हातानं टाकतेत ना?"
फुलनबाई शिक्का मारून आली. नवरा आडवा. "कुठं मारला?"
"गुप्त आहे जी."
ठरावाच्या बाजूनं १२६. विरोधात ३८८. पुन्हा मोजायला लावलं नंदूभाऊनं. तेवढेच.
टोळ्या परत बांधीत. सांजेला मुद्दाम जाऊन पाहिलं, एक जागा विरळ नाही. काम म्हणजे असं.

२९ जुलै
मीटिंग. पाचही जणी आत. हातपंप मंजूर. फुलनबाईनं सही करण्याआधी ठराव पूर्ण वाचून दाखवायला सांगितला. सचिवाला सवय नाही, अडखळला.

११ ऑगस्ट
जि.प.ची आमच्या गटाची जागा महिला राखीव. गावात एकच नाव चालू आहे. सौ.ला विचारलं.
"पाहू."

१७ ऑगस्ट
सडक अर्जुनीचे एक पुढारी दुकानात. पांढरी गाडी, खुर्ची पुसून बसले. "मिस्त्रीजी, भाभीजी को समझाओ. झेड.पी. इस बार रहने दो. विधानसभेत बायांच्या जागा आल्या, की पाहू ना त्यांचं."
म्हटलं, "विधानसभेचं बी तिलेच इचारा." आणि ग्राइंडर चालू केला.
सांजेला सौ.ला सांगितलं. वाटलं, खूश होईल.
"तुमी कोण नाई म्हणणारे? उमेदवार मी का तुमी?"
मी हातावरची काजळी पुसू लागलो.
"नाईच म्हटली असती मी. पण पैले मले सांगा लागत होतं."
बरोबर आहे. पुढच्या वेळी आधी तिला. फॉर्म भरणार का, तर अजून "पाहू"च. पण शाळेतल्या बाईंकडून जि.प.च्या गटाचा नकाशा आणवलाय, पदराला हात पुसत बघत बसली आहे.
नोंद पक्की असावी म्हणून लिहितो. तिनं उभं राहू नये यासाठी जे देत होते, आणि मी जे नाकारलं, ते असं: सात अंगणवाड्यांच्या जाळ्यांचं काम मला, आणि वर रोख पाच लाख.