पुतळ्याच्या जागी मी

१४ डिसेंबर, शनिवार

दुकानातल्या पुतळ्याची मान तुटली. मीच तोडली. लाथ कमरेत घातली होती, मान का तुटावी!

कारण – समोरच्या चष्म्याच्या दुकानातली ती. त्यांच्या मालकांची वर्षअखेरची पार्टी आहे, बड्या हॉटेलात, नटूनथटून जायचं. आणि ती जाणार कुणाबरोबर? वरच्या मजल्यावरच्या दातवाल्या डॉक्टरबरोबर! स्वतःच सांगून गेली, हसत. "मंगळवारी ड्रेस बघायला येते हं." आमच्याकडेच! मामी पार्टीचे कपडे भाड्याने देते, आणि कॉलेज अर्ध्यात सोडल्यापासून मी त्यांना इस्त्री करतो. म्हणजे दातवाल्यासाठी तिच्या झालरी मी सरळ करायच्या!

मामी मुंडकं हातात घेऊन म्हणाली, "कॉलेजात सरांशी भांडलास. आता प्लास्टिकशी. पुढे काय, भिंतीशी?"

१५ डिसेंबर

भिंतीवर बुक्की मारली. हात सुजलाय. भिंत ठीक आहे.

१७ डिसेंबर, मंगळवार

लाज! पण लिहितोच.

ती आली. चष्मा काढून ड्रेस अंगाला लावला, आरशात डोळे बारीक केले – काही दिसेना. चष्मा लावला तर म्हणे, "छे, नुसती चष्मेवाली दिसते. ड्रेस दिसतच नाही." दिवसभर लोकांना चष्मे विकते आणि पार्टीला जाणार बिनचष्म्याची! "तुमचा पुतळा कुठे गेला?"

मामीने माझ्याकडे बोट केलं. "हा काय! तुझ्याच उंचीचा आहे. चढ रे स्टुलावर."

मी साफ नाही म्हणणार होतो. पण ती म्हणाली, "चढ ना रे." चढलो.

लाल घातला – आगीचा बंब. मग काळा. मामी म्हणाली, "अगं बाई, शोभतोय की मेल्याला!" तीही बघत राहिली. मलाही आरशात जरा... असो. तेवढ्यात डोकं चाललं. काळा इतका शोभतो, तर तो तिला मिळताच कामा नये! शेवटी तो पिस्ता रंगाचा, गळ्यापासून पायापर्यंत झालरीच झालरी. त्यात मी फ्लॉवरचा गड्डा दिसत होतो. कुरियरवाला दारात आला, बघितलं, सही न घेताच पळाला.

मी छातीवर हात ठेवला. "हाच घे. डोळे मिटून."

"खरंच?"

"माझ्याकडे बघ की!"

बघितलं. हसून हसून डोळे पुसायला चष्मा काढावा लागला तिला. आणि तोच घेतला! बघू आता दातवाला किती वेळ टिकतो.

२१ डिसेंबर, शनिवार

मी गाढव आहे.

आज पार्टी. ती आली, आत जाऊन तोच घालून बाहेर आली. मिशा माझ्या, खांदे रेड्याचे – मला वाईट दिसेल ते तिलाही वाईट दिसेल, हे कुठल्या शहाण्याने ठरवलं? मी! इस्त्री हातात तशीच राहिली, खाली एका कोटाची कॉलर जळाली. तेवढ्यात दातवाला आला, सगळे दात दाखवत. "वा!" म्हणाला. नुसतं "वा"!

जळका कोट बघून मामीने माझ्या हातातली इस्त्री काढून घेतली. ते जास्त लागलं.

२२ डिसेंबर, रविवार

दुकान बंद, तरी ती ड्रेस परत द्यायला आली.

"मला तिथे काही म्हणजे काही दिसलं नाही रे. सगळं धुकट. डोळ्यांसमोर एकच गोष्ट लख्ख – तू, स्टुलावर, झालरींत! डॉक्टर लग्नाचं विचारत होता आणि मला हसू आवरेना. त्याला वाटलं, त्याच्या दातांना हसते. गेला उठून."

"वाईट झालं," मी म्हटलं. धादांत खोटं!

दारातून वळली. "संध्याकाळी चहाला येशील? मी चष्मा लावून येणार आहे हं."

तोच दिवस, दुपार

घालू काय?! कपाट उलथंपालथं केलं, एक धड शर्ट नाही. शेवटी मामीलाच विचारलं. ती पुतळ्याचं मुंडकं चिकटवत बसली होती. वरही न बघता म्हणाली, "काळा शोभतो तुला."