कोलमातला शेंगदाणा

अम्मा,

“वाचू नको गे, दाखव.” तेलाच्या दुकानात तू एवढंच म्हणायचीस आणि माझ्या हातातला डबा काढून घ्यायचीस. आज दुपारी मी तेलाची बाटली हातात धरून उभी होते, तेव्हा ते आठवलं. म्हणून लिहायला बसले आहे. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, हे मलाही कळतं.

धाकटा भाऊ तेव्हा जेमतेम चार वर्षांचा. नवरात्रात समोरच्या मामींकडे कोलूच्या, पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या बघायला गेलो, त्यांनी त्याच्या हातावर चकलीसारखा मुरुक्कू ठेवला, आणि आपण घरी पोचेपर्यंत त्याचे ओठ टम्म सुजले, छातीतून शिट्टी वाजायला लागली. अप्पा त्याला खांद्यावर टाकून डॉक्टरांकडे धावले. सुई दिल्यावर बऱ्याच वेळानं तो मोठ्यानं रडला, आणि तो रडला म्हणून तू हसलीस. डॉक्टर म्हणाले, शेंगदाणा ह्या पोराला विष आहे, त्याचं तेलसुद्धा. ह्यापुढे काही आणाल ते डब्यावरचं वाचून आणा. तू मान हलवलीस. तमिळ तू घडाघडा बोलायचीस, मासळीवालीसुद्धा तुझ्याशी भांडताना दमायची. वाचता मात्र यायचं फक्त बाळबोध, तंजावरला आजोबांनी शिकवलेलं. पोथी वाचायचीस, रस्त्यावरची पाटी नाही.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर तू पाटी पुढे केलीस. “शेंगदाणा काढून दाखव.” मी तमिळमध्ये ‘कडलै’ लिहिलं. तुला अक्षरं शिकायची नव्हतीच. तू ते चित्र म्हणून घेतलंस. पहिलं अक्षर वळणाचं, मधलं म्हणजे नुसता भिंतीचा कोपरा, शेवटच्याच्या आधी दोन वेटोळी. आणि सकाळी सडा टाकून झाल्यावर दारातल्या कोलमाच्या रांगोळीशेजारी तांदळाच्या पिठानं तेच चित्र काढलेलं. मग रोजच. दुपारपर्यंत मुंग्या ते शब्दासकट उचलून न्यायच्या. अप्पा ऑफिसला निघताना उंबऱ्यात अडखळायचे, म्हणायचे, “अग, अक्षरावर पाय पडतो माझा.” तू हात झटकत म्हणायचीस, “ओलांडून जावं. माझ्या डोळ्यांत बसलं की पुसते.” समोरच्या मामींनी एकदा पाणी भरता भरता हाक मारली, “काय हो, दारात शेंगदाण्याचं दुकान काढलंत वाटतं!” तेव्हा तू कमरेवरचा हात काढून त्यांना सगळं सांगितलंस. मामींना त्यांचा मुरुक्कू आठवला असावा. दिवाळीला त्यांच्याकडून फराळाचं ताट आलं, त्याच्याबरोबर तेलाचा रिकामा डबाही आला. “आधी हा बघा, मग खा,” असा निरोप. पुढे आपल्या गल्लीत ती रीतच पडली. कुणाकडून काहीही येवो, ताटाच्या मागून डबा यायचा. धाकट्याला कितीतरी दिवस वाटायचं, सगळ्या जगात फराळ असाच वाटतात.

जॉर्ज टाउनमधल्या तेलाच्या दुकानात तू डब्याची पुढची बाजू कधी बघितली नाहीस. पुढे दिवा असायचा, मोर असायचा, सरकारी मोहोर असायची. “मोर काय तेल देतो?” म्हणत तू डबा उलटा करायचीस आणि झाळलेल्या कडेपर्यंत बोट फिरवायचीस. त्या मोराच्या डब्यावरून आपलं भांडण झालं. तेल तिळाचं होतं, आणि मागे ठळक छापलं होतं की ह्यात शेंगदाण्याचं तेल मिसळलेलं नाही. तुझं बोट बरोबर ‘कडलै’वर थांबलं. डबा परत फळीवर.

“अम्मा, त्या शब्दाच्या पुढे ‘नाही’ लिहिलंय. मिसळलेलं नाही.”

“नाही म्हणायला तरी त्याचं नाव कशाला लागतं?”

दुकानदार कळवळला. “अम्मा, अख्ख्या मद्रासमधलं सगळ्यात चोख तेल हे!”

“चोख असेल तर गप्प बसावं की त्यानं.”

दुकानातली माणसं हसली. मला मात्र राग आला. शाळेत माझं तमिळ, इंग्रजी दोन्ही पहिल्या नंबरचं, आणि माझ्या आईला मी वाचलेलं पटत नाही! घरापर्यंत मी तुझ्या दहा पावलं मागून चालले. तू पुढे चालत होतीस, दुसऱ्या दुकानातला डबा कडेवर मूल घ्यावं तसा घेऊन.

आता पाकिटांवर हिरवा ठिपका असतो. तुला तो आवडला असता, न वाचता कळणारी खूण. धाकट्याला टक्कल पडलंय, पोट सुटलंय, आणि कुठेही जेवायला बसला की तो अजून विचारतो, “डबा कुठाय?” उद्या त्याच्याकडे तुझं श्राद्ध आहे. वहिनीनं सांगितलं, “येताना मोराचंच तेल आणा, चोख असतं.” मोर अजून आहे. मागचं वाक्यही आहे, शब्दन् शब्द तेच. मी ते दोनदा वाचलं. तरीही आधी दिसला तो भिंतीचा कोपरा आणि ती दोन वेटोळी, आणि हात आपोआप बाटली परत ठेवायला गेला. शेवटी घेतली. आणखी एक दुसरी बाटलीही घेतली आहे, जिच्यावर तो शब्दच नाही. ती पिशवीच्या तळाशी आहे, वहिनीला सांगितलेलं नाही.

पण उद्याचे वडे मला मोराच्याच तेलात तळायचे आहेत. पहिला वडा धाकटाच उचलेल, तुला माहीत आहे. एवढं एकदा, अम्मा, बाटली माझ्या हातातच राहू दे, आणि मी वाचलेलं खरं मान.