वरच्या वाफ्यातली काढणी उरकल्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख,
कंदपीक संशोधन केंद्र

विषय : शिखराजवळील रताळी काढल्याची वर्दी व आजारी पत्नीसाठी गाडी मिळणेबाबत.
संदर्भ : आपला आदेश, ‘काढणी झाल्याखेरीज बदली नाही.’

महोदय,

सविनय कळवितो की, वाढत्या उंचीचा रताळ्यांवर काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी आपण एकाच जातीचे वेल पायथ्याशी, मध्यावर व शिखराजवळ लावले. वरच्या वाफ्याची राखण माझ्याकडे आली. पायथ्याची काढणी केव्हाच आटोपली. मधलीही उशिरा का होईना झाली. वर मात्र गारठ्याने वेल जागीच खुंटले. पाने नखाएवढी, मुळे सुतळीसारखी.

२. वाफ्यालगतच्या पत्र्याच्या खोलीत आई आणि पत्नी माझ्यासोबत राहत. आईला धाप लागू लागली तेव्हा तिला खाली नेण्यासाठी रजा मागितली होती. रजा मंजूर झाली, पण वरातीमागून घोडे. तोवर आईला मूठमाती देऊन झाली होती.

३. आता पत्नीची तीच गत आहे. आडवे पडले की जीव घुसमटतो, म्हणून ती भिंतीला टेकून बसूनच झोपते. डॉक्टरांनी ‘ताबडतोब खाली न्या’ असे बजावले. तपासणीस आलेल्या साहेबांना हे सांगितले तर म्हणाले, “दमानं घ्या. रताळ्यांना सवय होईल, तशी बाईंनाही होईल.”
रताळ्यांना झाली नाही, महोदय.

४. काल पत्नी म्हणाली, “तुमची रताळी पोसेपर्यंत मी काही टिकत नाही. उपटा एकदाची.” आज उजाडताच मी सगळा वाफा उपटला. अंगठ्याएवढे एकच रताळे निघाले. ते पाहून ती हसली, आणि हसता हसता तिचा श्वास अडकला.

५. सबब काढणी पूर्ण झाली आहे. हा अर्ज टपालगाडीने पुढे धाडत आहे. त्या गाडीत माणूस बसविण्यास मनाई असल्याने पत्नीला पाठीवर घेऊन मी पायी उतरत आहे. मधल्या वाफ्यापर्यंत गाडी यावी, ही हात जोडून विनंती.

आदेश मोडला असे वाटल्यास नोकरीवरून खुशाल काढावे. पण गाडी आधी पाठवावी.

आपला नम्र,
वरच्या वाफ्याचा राखणदार
(सही)
दिनांक : आजचाच

सोबत : डॉक्टरांची चिठ्ठी