नजर शाबूत, धूळ फार

३ सप्टेंबर
आजपासून पुन्हा रोजनिशी. लुआंग्वा नदीकाठच्या कॅम्पवर पाहुण्यांना पक्षी दाखवायचं माझं हे सव्विसावं वर्ष. संकल्प: या सीझनला दोनशे जाती. चष्मा नाही. अक्षर हल्ली मोठं काढतो. भारदस्त दिसतं.

५ सप्टेंबर
फांदीवरचा नीळकंठ दाखवला. जांभळी छाती, निळे पंख, सगळं रंगवून सांगितलं. पाहुणीबाई म्हणाल्या, होला आहे. धूळ फार. त्यात लोक गवत जाळतात.

८ सप्टेंबर
बायको, टिसाउके, म्हणाली, मिशनच्या दवाखान्यात डोळ्यांचे डॉक्टर आलेत, दाखवून या. म्हटलं, मी कानाने पक्षी ओळखतो. म्हणाली, मग काल नशिमाच्या पातेल्यात मक्याच्या पिठाऐवजी कपड्याची पावडर कानानेच टाकलीत का? पराचा कावळा करायची सवय असते बायकांना. जरासा फेस आला, एवढंच.

११ सप्टेंबर
किरमिजी वेडे राघू आले! नदीच्या उभ्या काठात शेकडो बिळं, गलका नुसता. यंदा जरा तपकिरी वाटले. एवढ्या लांबून येतात, रंग उडणारच.

१४ सप्टेंबर
मतेयो (टिसाउकेचा धाकटा भाऊ, आमच्या पुढे बंदूक घेऊन चालतो) म्हणाला, दाजी, नदीच्या वळणावरून नको. तिथे एकटा रानरेडा आहे, पायात फासाची तार रुतलीय, पाय सडलाय. तो पळणार नाही, वाट बघत बसेल. म्हटलं, दिसला की पहिला मीच सांगेन. मतेयो माझ्याकडे बघत राहिला.

१५ सप्टेंबर
वळणावरच्या झाडावर गिधाडं. मतेयोने अकरा मोजली. मी एकच मोजलं, पण मोठं होतं. खाली मेलेलं काही नाही. नुसती बसून आहेत.

१७ सप्टेंबर, पहाटे ५
आजच्या दोन पाहुण्यांकडे एकच सकाळ. राघूंपर्यंत लांबच्या वाटेने गेलो तर ऊन चढेल, म्हणून वळणावरूनच. मतेयोने बंदुकीत गोळ्या भरल्या, मग काढून पुसल्या, पुन्हा भरल्या. वारा सुटलाय. कानावर काही नीट येत नाही. हरकत नाही.

१७ सप्टेंबर, दुपारी
बंदूक पुढे, हा नियम. पण राघू आधी आपण दाखवावेत म्हणून मी मतेयोच्या पुढे झालो. झुडपाशी काहीतरी काळं दिसलं. पाहुण्यांना म्हटलं, हे वारूळ, फोटो घ्या. मागून मतेयो ओरडला, दाजी, खाली बसा! तेवढ्यात वारूळ उठलं. मतेयो मला ढकलून मध्ये घुसला. गोळ्या लागून रेडा पडेपर्यंत त्याने मतेयोला दोनदा शिंगावर घेतलं. पाहुणे झाडावर. मी जमिनीवर, कुठे बघायचं ते न कळून.
रक्त किती गेलं, मला सांगता येणार नाही.

२१ सप्टेंबर, सकाळी ११
मतेयोला भेटायला इस्पितळात. मांडी मोडलीय, तीन बरगड्या गेल्यात. बोलायची तयारी करून गेलो होतो. स्टूल ओढून खाटेशी बसलो, हात हातात घेतला. म्हटलं, चूक तशी दोघांची. तू जरा आधी ओरडायला हवं होतंस. वाराही होता. मग मला राहवलं नाही. म्हटलं, मला दिसलंच नाही रे. गेली दोन वर्षं नीट काही दिसत नाही. टिसाउकेला सांगू नकोस. रडलोसुद्धा.
त्याने हळूच हात काढून घेतला. म्हणाला, काका, मी ट्रक ड्रायव्हर. अपेंडिक्सचं ऑपरेशन झालंय.
पलीकडच्या खाटेवरून मतेयोचा आवाज आला. म्हणाला, दाजी, इकडे. डावीकडे. आणि ताई इथेच बसलीय.
उठलो. आवाजाच्या रोखाने गेलो. मतेयोने हात पुढे केला होता म्हणे. तो सापडायला मला बराच वेळ लागला.