नॉर्थ पोलमधला आकाशकंदील

१९ ऑक्टो., रवि.
मुक्ताचा फोन. पोस्टडॉक संपत आली. तिकडचंच विद्यापीठ कायमची नोकरी देतंय, अलास्कात. इथे सिंगापुरातही एक तयार आहे, आमच्या हौगांगच्या फ्लॅटपासून MRT मेट्रोने जाण्यासारखी. "पुढच्या महिन्यात कळवायचंय, आई." म्हटलं, त्यात विचार कसला करायचा?
राहते त्या गावाचं नाव नॉर्थ पोल. खरा ध्रुव तिथून हजारो किलोमीटर लांब! खेळण्यांचा कारखाना येईल या आशेने हे नाव ठेवलं म्हणे. कारखाना आलाच नाही. आता नाव निभवायला बारा महिने नाताळ. मूठभर वस्ती, आणि म्हणे सिटी. डोंबलाची सिटी.

२१ ऑक्टो.
लक्ष्मीपूजन. मुक्ताने व्हिडिओवर घर दाखवलं. बाहेर बर्फ, दिव्याच्या खांबांना लाल-पांढरे पट्टे, पेपरमिंटच्या कांड्यांसारखे. ऐन उन्हाळ्यातही तेच ध्यान. आणि दारात आकाशकंदील. गेल्या वर्षी मीच करून दिलेला. रंग पार उडालाय, वरून प्लास्टिकची पिशवी.
"गेल्या दिवाळीपासून तसाच?"
"इथे कोणी काही उतरवतच नाही, आई."
शेजारचे आजोबा डिसेंबरात दाढी लावून सांता होतात. त्यांना तो नाताळचा तारा वाटतो. म्हणजे माझा कंदीलही नाताळात जमा.
बाकी पूजा नीट झाली. चकल्या मऊ पडल्या.

२ नोव्हें., रवि.
तुळशीचं लग्न लावलं. कॉरिडॉरमधल्या कुंडीपुढे मी आणि विनय, दोघं नवरा-बायको, शिवाय शेजारच्या मिसेस टॅन. कंदील उद्या उतरवणार म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "सो फास्ट कीप आल्रेडी आह?" म्हणजे, इतक्यात ठेवूनही देणार?
सण संपला की संपला. रोज असेल तर त्याला सण कशाला म्हणायचं? असं मी विनयला ऐकवत होते. तो म्हणाला, "गावाचं नाव घेऊन बोल की सरळ."

१६ नोव्हें.
मॉलमध्ये गेलो होतो. बाहेर साबणाच्या फेसाचा बर्फ पाडत होते. घामाच्या धारा लागलेली पोरं टोप्या घालून नाचताहेत. सगळा मूर्खांचा बाजार.
विनय म्हणाला, "मुक्ताला दरवर्षी इथे कोण आणायचं? बर्फाची गोडी कोणी लावली तिला?"
मी म्हटलं, तो फेस होता. घरी येऊन आंघोळ घातली की जायचा.
मला ती इथे हवी आहे, जवळ. गावाला एवढी नावं ठेवते ती त्यासाठीच असेल. पण गाव भिकार आहे ते आहेच.

२२ नोव्हें.
मुक्ताचा मेसेज. "वाऱ्याने कंदील फाटला. नवा करून पाठवशील?"
नोकरीबद्दल अवाक्षर नाही. दिवाळी होऊन गेल्यावर कंदील कोण मागतं? वर्षभर टांगायचा असेल तर मागतं. राहायचं असेल तर. पाठवला की माझा होकार गेलाच.
लिहिलं, "हवा असेल तर येऊन घेऊन जा."
विनय म्हणाला, "इतकं तोडून लिहितात?"
लिहितात.

२४ नोव्हें.
काल दिवसभर काही नाही. फोन सारखा बघत होते, विनयसमोर नाही.
आज सकाळी आलं. "आजोबांकडे लाकडाच्या पातळ पट्ट्या आहेत. त्या तासून देतो म्हणाले. कामट्यांची लांबी किती ठेवतेस गं?"
सांता कामट्या तासणार. धन्य ते गाव.
विनय ऑफिसला गेल्यावर स्टोअररूममधून आपला कंदील काढला. टेप घेऊन बसले. एकेक बाजू मोजली.
मुक्ताला माप अजून कळवलेलं नाही.