विचारले तिला, बोललो मी

चि. दायू रत्नी,

रुग्णाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याने देणे, मग ते मायेपोटी का असेना, अन्याय्यच होय. काल दवाखान्यात डॉक्टर सुलास्त्रींनी तुझ्या आईला विचारले, "गाठ काढायची, की घरीच गोळ्या घ्यायच्या? तुम्हाला काय वाटतं?" सवयीने मीच म्हणालो, "काढा."

वाटेत ती म्हणाली, "पोट माझं, अन् मान तुम्ही डोलावता होय! मला नाही कापून घ्यायचं. उरलेत ते दिवस घरी काढीन."

म्हणून आम्ही पुन्हा तिकडे गेलो आहोत. आज तीच बोलेल. मला गप्प बसणे फार जड जाईल. देन्पासार शहरातल्या इस्पितळासाठी तू भरलेली पिशवी उघडून तिची वस्त्रे कपाटात ठेव. सायंकाळचे नैवेद्यही तूच ठेव. तिच्याशी वाद घालू नकोस.

परमेश्वर तिला वेदनेविना झोप देवो, आणि आपणा दोघांना धीर.

तुझे वडील